जुन्या ट्रंकेवर लावलेले कागद दर पावसाळ्यात फुगतात, सुटतात: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

कोल्हापुरात लक्ष्मीपुरीच्या बाजारातून किंवा भंगारवाल्याकडून आणलेली पत्र्याची ट्रंक, बिस्किटांचा जुना डबा, चहाचा लाकडी ट्रे. त्यावर जुन्या कॅलेंडरची चित्रं, काडेपेट्यांचे छाप, पंचांगाची पानं लावून केलेलं कोलाज. मार्च-एप्रिलमध्ये केलेलं काम देखणं दिसतं. जुलै लागला की तेच काम काखेत मारून लोक दुरुस्तीला येतात आणि सांगतात, "फुगा आला होता, गोंद लावून बसवला, परत आला." ही तक्रार मी इतक्यांदा हाताळली आहे की आता पेटी बघण्याआधी दोन प्रश्न विचारते: फुगा कधी आला, आणि वरचा थर, म्हणजे वॉर्निश, कधी मारला? निम्मं निदान तिथेच होतं.

लक्षणं

आपल्या वस्तूला यातलं नेमकं काय झालंय ते आधी ठरवा. सगळ्यांवर एकच औषध नाही.

कागद लावल्यावर पाच-दहा मिनिटांत बारीक सुरकुत्या पडतात. वाळल्यावर त्यातल्या बऱ्याच बसतात, काही राहतात.

दुसऱ्या दिवशी वाटाण्याएवढे गोल फुगे दिसतात. बोटाने दाबले की खाली जातात, बोट उचललं की पुन्हा वर.

काही आठवडे सगळं ठीक असतं. मग एखाद्या दिवशी पाऊस उघडतो, कडक ऊन पडतं आणि तळहाताएवढा भाग एकदम सुटून उचलला जातो.

बाकी पेटी चांगली असते, पण कडी-कोयंड्याभोवती, बिजागरीजवळ आणि झाकणाच्या पुढच्या कडेला कागद हटकून सुटतो.

चित्रातून तांबूस ठिपके वर येतात आणि महिन्या-महिन्याने मोठे होतात.

वरचा थर दुधाळ दिसतो, किंवा चिकट राहतो. वर ठेवलेली वही उचलताना चर्र आवाज येतो.

कागदाची मागची छपाई पुढे दिसते, शाई पसरते.

कुबट वास, काळे-हिरवट ठिपके, किंवा कडा कुरतडल्यासारख्या.

एक गोष्ट आत्ताच सांगते. निदान होईपर्यंत नवा गोंद लावू नका. गोंद म्हणजे अर्ध्याहून अधिक पाणीच असतं, आणि अडकलेल्या पाण्यात आणखी पाणी घालून फुगा बसत नाही.

१. फुगा कधी आला ते आठवा

याला पैसे लागत नाहीत आणि सगळ्यात जास्त माहिती यातूनच मिळते.

लगेच आलेली सुरकुती कागदाच्या ताणाची असते. कागदाचे तंतू पाणी पिऊन फुगतात, कागद मोठा होतो. त्याला पसरायला वेळ न देता चिकटवला तर तो पत्र्यावरच पसरतो आणि घड्या पाडतो. दुसऱ्या दिवशीचा गोल फुगा म्हणजे तिथे गोंद पोचलाच नाही, किंवा हवा अडकली. आणि आठवड्यांनी, उन्हात आलेला मोठा फुगा म्हणजे आत ओल राहिली.

हा तिसरा प्रकार पत्र्यावर इतका का होतो ते समजून घेण्यासारखं आहे. लाकडावर कागद लावला की गोंदातलं थोडं पाणी लाकूड शोषून घेतं. पत्रा पाणी पीत नाही. सगळं पाणी कागदातून वरच्याच दिशेने बाहेर पडायला हवं. आपण दुसऱ्या दिवशी वरून वॉर्निश मारतो आणि ती एकमेव वाट बंद करतो. मग ऊन लागलं, पत्रा तापला, की आतल्या ओलीची वाफ होते आणि ती कागदाला उचलते. तिथे सिरिंजने गोंद भरला तर पुढच्या उन्हात तोच फुगा थोडा मोठा होऊन परत येतो. "परत आला" या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथेच सापडतं.

२. नखाने टकटक करा, गाल लावून बघा

सुटलेल्या भागावर नखाने हलकं टकटक केलं की पोकळ, कागदी आवाज येतो. चिकटलेल्या भागावर पत्र्याचा बद्द आवाज येतो. पेन्सिलीने पोकळ भागाची सीमा आखून घ्या. डोळ्यांना दिसतो त्यापेक्षा सुटलेला भाग नेहमी मोठा निघतो, आणि दुरुस्ती सीमेपर्यंत करावी लागते.

मग वस्तू सावलीत तासभर ठेवून त्या भागाला हाताची मागची बाजू किंवा गाल लावा. आजूबाजूपेक्षा गार लागला तर अजून ओल आहे. पाणी उडताना उष्णता घेऊन जातं, म्हणून ओला कागद गार लागतो. बोटांची टोकं यासाठी तितकी उपयोगाची नाहीत.

३. वस्तू कुठे ठेवली आहे?

कोल्हापुरात जून ते सप्टेंबर भिंती ओल्या असतात, त्यातही जुन्या मातीच्या नाहीतर दगडी घरांत पश्चिमेची भिंत. ट्रंक भिंतीला टेकवून, थेट फरशीवर ठेवली असेल तर तिच्या पाठीवर आणि तळाशी रात्री दव धरतं, कारण पत्रा हवेच्या आधी गार होतो. भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा, खाली दोन पट्ट्या किंवा विटा घाला, झाकण उघडं ठेवा आणि पंख्याच्या वाऱ्यात आठवडाभर राहू द्या. थेट उन्हात नको. उन्हाने जुन्या छपाईचे रंग उडतात आणि वाफेचा फुगा वाढतो.

चिकटपणा आणि दुधाळपणा यांपैकी बराचसा एवढ्यानेच जातो. पांढरा गोंद ओला असताना दुधाळ असतो आणि पूर्ण सुकला की पारदर्शक होतो. म्हणजे दुधाळ दिसणारा थर पुष्कळदा फक्त न वाळलेला असतो. आठवड्यात फरक पडला तर पुढचं काही करू नका, पाऊस संपेपर्यंत थांबा.

बुरशी दिसत असेल तर ओल्या फडक्याने पुसू नका, पसरते. वस्तू घराबाहेर नेऊन, नाकाला मास्क बांधून, कोरड्या मऊ ब्रशने झाडा. कडा कुरतडलेल्या असतील तर गोंद कसला होता ते विचारा. मैद्याची खळ असेल तर कसर आणि झुरळं येणारच, त्यांचं ते खाणं आहे. बाइंडिंगवाले खळीत मोरचूद घालतात ते याचसाठी. पण मोरचूद विषारी आहे. स्वयंपाकघरातल्या किंवा पोरांच्या हाती लागणाऱ्या वस्तूवर मी ती खळ वापरू देत नाही.

४. कागद तपासा

त्याच कागदाचा उरलेला तुकडा घ्या. ओला कापूस त्यावर दहा सेकंद दाबून धरा. कापसाला रंग लागला तर ती शाई पाण्यात सुटणारी आहे. इंकजेट प्रिंट, फाउंटन पेनाचं अक्षर, रबरी शिक्का हे हमखास पसरतात. जुनी लिथो आणि ऑफसेट छपाई तेलकट शाईची असते, ती सहसा टिकते. लेझर प्रिंट आणि झेरॉक्स यांना पाण्याची भीती नाही, कारण त्यातली पूड उष्णतेने कागदावर वितळवून बसवलेली असते. म्हणून पसरणाऱ्या कागदाची रंगीत लेझर प्रत काढून तीच लावावी.

मग कागद उभा आणि आडवा फाडून बघा. एका दिशेला तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेला वेडावाकडा. सरळ फाटतो ती त्याच्या तंतूंची दिशा. वर्तमानपत्र वरून खाली किती सरळ फाटतं ते सगळ्यांना माहीत आहे. ओला झाल्यावर कागद या दिशेला जेमतेम वाढतो, आडव्या दिशेला बराच. गोल डब्यावर लावताना तंतू उभे, म्हणजे डब्याच्या उंचीच्या दिशेने ठेवले की कागद आपसूक वळतो. आडवे ठेवले की जोडाजवळची कड सतत सुटू बघते, कितीही गोंद लावा. डब्यावर एकाच उभ्या रेषेत कागद सुटत असेल तर हे कारण आधी धरा.

वर्तमानपत्राचा कागद पातळ आणि लाकडाच्या लगद्याचा. त्यातल्या लिग्निनमुळे (लाकडातला तंतू धरून ठेवणारा घटक) तो पिवळा पडतो, ठिसूळ होतो, आणि वॉर्निश पिऊन अर्धपारदर्शक झाला की मागचे मथळे पुढे दिसतात. हे झाल्यावर दुरुस्ती नाही. नव्याने लावताना मागून पातळ पांढऱ्या कागदाचं अस्तर द्या, नाहीतर प्रत वापरा.

५. गोंद आणि तो लावण्याची रीत

पातळ केलेला गोंद सोपा वाटतो, ब्रश छान फिरतो, पण जितकं पाणी जास्त तितक्या सुरकुत्या जास्त आणि वाळायला वेळ जास्त. पत्र्यासाठी दोन भाग पांढऱ्या गोंदाला एक भाग पाणी, यापलीकडे मी जात नाही. पातळ कागदाला मात्र आधी मागून ओलसर स्पंजाचा एक हात फिरवून चार-पाच मिनिटं थांबायचं, म्हणजे तो लावण्याआधीच वाढून घेतो. गोंद पत्र्याला लावायचा, कागद मधोमध टेकवायचा, आणि मधून कडेकडे दाबत हवा काढायची.

त्यानंतर वाळवणं. हाताला कोरडा लागणं आणि खरंच कोरडा असणं यात फरक आहे. उन्हाळ्यात पत्र्यावर मी निदान तीन दिवस देते, पावसाळ्यात आठवडा, आणि गालाची परीक्षा झाल्याशिवाय वॉर्निशचा डबा उघडत नाही. कुणाला घाई असेल तर त्यांनी हे काम दिवाळीनंतर करावं. जुलैत पत्र्यावर कोलाज करूच नये असं माझं स्पष्ट मत आहे.

६. खालचा पृष्ठभाग

इथून पुढे थोडी मोडतोड करावी लागते. सुटलेल्या कडेखाली पातळ सुरी घालून कागद हळू उचला आणि त्याची मागची बाजू बघा.

गोंद कागदाला आणि पत्रा स्वच्छ: पत्र्याने धरलं नाही. तिथे तेल आहे, किंवा जुना ऑइलपेंट गुळगुळीत आहे. पाण्याचा थेंब टाका. मोत्यासारखा उभा राहिला तर तेल, पसरला तर ठीक. कडी-कोयंड्याजवळच कागद सुटतो त्याचं उत्तरही हेच असतं. बिजागरीत घातलेलं मशीनचं तेल पत्र्यावर सरकतं, आणि झाकणाच्या पुढच्या कडेला वर्षानुवर्षं हातांचं तेल मुरलेलं असतं. भांड्याच्या साबणाने धुवा, पुसा, मग थिनरच्या फडक्याने पुसा, खिडक्या उघड्या ठेवून आणि गॅस बंद करून. लोखंडी पत्र्याला धुण्याचा सोडा चालतो. ॲल्युमिनियमला आणि जस्ताच्या पत्र्याला लावू नका, तो त्यांना खातो.

गोंदाबरोबर जुना रंगही निघून आला: रंगच सुटा आहे. शाबूत वाटणाऱ्या भागावर मास्किंग टेप दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. टेपला रंगाचे पापुद्रे आले तर त्या रंगावर काहीच टिकणार नाही.

हा रंग घासायला घेण्याआधी थांबा. घरगुती रंगांतल्या शिशावर ९० पीपीएमची (दहा लाख भागांत ९० भाग) मर्यादा आपल्याकडे नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाली. त्याआधीच्या रंगांत, विशेषतः पिवळ्या, लाल, हिरव्या ऑइलपेंटमध्ये, शिसं असू शकतं, आणि कोरड्या घासण्याने त्याची धूळ घरभर होते. लहान मुलं किंवा गरोदर बाई घरात असेल तर हे काम घरी करूच नका. करायचंच तर बाहेर, मास्क लावून, पाणी-पेपरने (पाण्यात चालणाऱ्या सँडपेपरने) ओलं घासा आणि तो गाळ फडक्याने टिपून वेगळा टाका. सबंध पेटी खरवडायची असेल तर ते वर्कशॉपचं काम आहे.

७. गंज

तांबूस ठिपके वरून पुसून जात नाहीत, कारण ते खालून येतात. उघड्या लोखंडावर पाण्याचा गोंद लावला की वाळायच्या आत गंज धरतो आणि कागदातून वर चढतो. ठिपक्याच्या जागी कागद उघडा. तांबडी पूड असेल तर साधा लोखंडी पत्रा: ८० किंवा १२० नंबरच्या सँडपेपरने चकाकी येईपर्यंत घासा, पुसा, त्याच दिवशी रेड ऑक्साइड (गंज रोखणारा तांबडा प्रायमर, म्हणजे रंगाखालचा पहिला थर) मारा, तो पूर्ण वाळला की ३२० ने हलका हात फिरवून मग पांढरा रंग आणि त्यावर कागद. पांढरट पूड असेल तर पत्रा जस्ताचा आहे. त्यावर नेहमीचा तेलकट रेड ऑक्साइड कालांतराने पापुद्र्याने सुटतो. रंगाच्या दुकानात "जस्ताच्या पत्र्याला" असं सांगून एच (etch) प्रायमर मागा.

पुरातून गेलेल्या पेट्या हा आपल्याकडचा वेगळा प्रकार. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आणि २०२१ च्या जुलैत शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरकडच्या कितीतरी घरांतलं सामान पाण्यात होतं, आणि त्यातल्या ट्रंका पुढे बाजारात आल्या. बाहेरून त्या नीट दिसतात. तळाच्या दुमडलेल्या शिवणीवर पेचकसाने हलकं टोचून बघा. आतून गाळ पडला, किंवा टोक आत गेलं, तर वरवरचं काम थांबवा. उद्यमनगरातल्या एका कारागिराने अशीच एक पेटी उलटी करून मला दाखवली होती: "ताई, पत्रा आतनं खाल्लाय. वरनं काय बी लावा, टिकायचं न्हाई." त्यांनी तळाची पट्टी कापून नवी बसवली, मग प्रायमर. शिवणीतला गंज घरच्या पेपरने निघत नाही, तिथे ब्लास्टिंग (वाळूचा जोरदार मारा करून गंज काढणं) किंवा नवा पत्रा हेच उपाय.

८. वरचा थर

वर्तमानपत्रासारखा कागद आणि तेलकट कोपल वॉर्निश ही जोडी टाळा. वॉर्निश वर्षभरात पिवळं पडतं. पाण्यातलं ॲक्रिलिक वॉर्निश कागदाला बरं, पण पातळ थर आणि दोन थरांमध्ये पूर्ण वाळवण. लॅकर दमट हवेत मारला तर लगेच पांढरा धुरकट पडतो: थिनर भराभर उडताना पृष्ठभाग गार होतो आणि हवेतली ओल त्यावर जमते. हा दुधाळपणा गोंदाच्या दुधाळपणापेक्षा वेगळा, तो पंख्याने सहसा जात नाही. तो उतरवणं पॉलिशवाल्याचं काम. कोरड्या दिवशी थिनरचा नेमका हात मारून तो ते साफ करतो. आपण घरी थिनर चोळला तर छपाईच पुसली जाण्याची भीती.

चहाच्या ट्रेवर गरम कपाचे पांढरे गोल उमटत असतील तर ते वॉर्निश बदलून फारसं सुधारणार नाही, कारण खालचा गोंदच उष्णतेने मऊ होतो. वर काच बसवून घ्या. आणि अन्न थेट टेकेल अशा भागावर कोलाज नको.

एकटा फुगा बसवायचा कसा

वरचं सगळं तपासून झालं, ओल नाही, गंज नाही, फक्त कोरडा फुगा उरला, तर हे करा.

नव्या ब्लेडने चीर द्यायची, पण फुग्याच्या मधोमध नव्हे. चित्रातली गडद रेघ शोधा: साडीचा काठ, झाडाची फांदी, अक्षराची कड. चीर त्या रेघेवरून गेली की पुढे दिसत नाही. मेडिकलमधून सिरिंज आणि जाड सुई आणा, गोंद किंचित पातळ करून भरा, सुई चिरेतून आडवी आत सरकवा आणि फुग्याच्या लांबच्या टोकापासून मागे येत थोडा थोडा सोडा. थेंबभर पुरतो. वर बटर पेपर ठेवून बोटाने टोकाकडून चिरेकडे दाबत या, म्हणजे जादा गोंद आणि हवा चिरेतूनच बाहेर येईल. तो ओल्या कापसाने लगेच टिपा. मग नवा बटर पेपर, त्यावर सपाट लाकडाचा तुकडा, त्यावर वजन. चोवीस तास हात लावू नका. साधा कागद मध्ये ठेवलात तर तो चिकटून बसेल, म्हणून बटर पेपरच.

पोकळ भाग तळहातापेक्षा मोठा असेल तर सिरिंजच्या नादाला लागू नका. तेवढा कागद कोमट ओल्या फडक्याखाली मऊ करून उचला, पत्रा साफ करा आणि नवा कागद लावा.

इथे थांबा, जाणकाराला बोलवा

लाकडी वस्तूतून बारीक पीठ गळत असेल किंवा मातीच्या नळ्या दिसल्या तर भुंगा किंवा वाळवी. ती वस्तू घरात आणण्याआधीच पेस्ट कंट्रोलवाल्याला दाखवा, कारण वाळवी तेवढ्या वस्तूवर थांबत नाही.

जुना टेबललॅम्प सजवताय आणि वायरचं आवरण तडकलेलं आहे, होल्डर ढिला आहे: आधी इलेक्ट्रिशियन, मग कागद. शेडच्या आत एलईडी बल्बच घालायचा, कागदाला तापलेला बल्ब नको.

पितळी पत्र्याची, जुन्या नक्षीची किंवा मूळ मुलाम्याची पेटी मिळाली असेल तर प्रायमर लावण्याआधी जुन्या वस्तूंच्या जाणकाराला एकदा दाखवा. प्रायमर एकदा बसला की मूळ पृष्ठभाग परत मिळत नाही.

आणि कागदांबद्दल. जुन्या ट्रंकेच्या तळाशी अस्तर म्हणून घातलेले मोडी लिपीतले कागद सापडतात. ते कितीही सुंदर दिसले तरी कातरू नका. कोल्हापुरात पुराभिलेखागार (जुन्या कागदपत्रांचं सरकारी दफ्तर) आहे, मोडी वाचणारी माणसं आहेत. जमिनीचा, वतनाचा, देण्याघेण्याचा कागद असू शकतो. सिनेमाच्या गाण्यांच्या जुन्या पुस्तिकांचंही तेच. चित्रपटकार बाबूराव पेंटरांच्या गावात त्या अजून रद्दीत निघतात, आणि पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ पासून अशाच गोष्टी जपत आलं आहे. अशा कागदाची रंगीत लेझर प्रत थोड्या जाड कागदावर काढा आणि ती चिकटवा. पत्र्यावर ती मूळ कागदापेक्षा बरी बसते, तिची शाई पसरत नाही आणि पुढच्या जुलैत फुगली तर दुसरी काढता येते.